इटालियन मायोलिका घरी आणताना

मायोलिका म्हणजे पांढऱ्या झिलईवर, म्हणजे काचेसारख्या लेपावर, चित्रं रंगवलेली इटालियन मातीची भांडी. तिच्या खरेदीची सुरुवात आम्ही घरच्या भिंतीपासून करतो. इटलीतल्या बोत्तेगात, म्हणजे कुंभाराच्या कार्यशाळेत, पाऊल टाकलं की शेकडो रंगीत ताटं एकदम समोर येतात आणि मोजमापं हाताशी नसली की हात आपसूक सर्वांत मोठ्या ताटाकडे जातो. म्हणून निघण्याआधी जागेची लांबी-रुंदी, भिंतीचा प्रकार आणि उजेडाची दिशा लिहून घ्यायची. भिंतीवरची ताटं साधारण 25 ते 45 सेंटिमीटर व्यासाची असतात. 40 सेंटिमीटरचं ताट दोन किलोच्या पुढेमागे भरतं आणि त्याची नक्षी थोड्या लांबूनच नीट उमगते. अरुंद पॅसेजमध्ये लावलं तर डोळ्यांसमोर नुसती रंगांची गर्दी होते. तिथे 20 सेंटिमीटरच्या तीन ताटल्या बऱ्या. समोर खिडकी असलेली भिंत शक्यतो टाळावी, कारण झिलईत चित्राऐवजी खिडकीच दिसत राहते. त्याच वेळी हेही ठरवून टाकायचं की वस्तू टांगायची आहे, फडताळात ठेवायची आहे की तिच्यातून खायचं-प्यायचं आहे. या तीन गरजांसाठी तीन वेगळ्या वस्तू लागतात.

मायोलिका कशी तयार होते हे डोक्यात पक्कं असलं की दोष कुठे शोधायचा ते आपोआप कळतं. ही पोर्सेलीन नव्हे. चुनखडीचा अंश असलेली साधी माती चाकावर किंवा साच्यात घडवतात, वाळवतात आणि साधारण 980 ते 1020 अंश सेल्सिअसला पहिली भाजणी देतात. भट्टीतून निघतो तो बिस्कोत्तो: फिकट गुलाबी किंवा पिवळसर, खडबडीत, पाणी शोषणारा. तो पांढऱ्या झिलईच्या द्रावात क्षणभर बुडवतात. या झिलईत कथिलाचं ऑक्साइड असतं आणि त्यानेच ती दुधाळ, अपारदर्शक होते. पाणी मातीत शोषलं जातं, वर भुकटीचा सुका थर राहतो, आणि त्या कच्च्या थरावर चित्रकार ब्रश चालवतो. रंग टेकताक्षणी मुरतो, त्यामुळे चुकलेला फटकारा पुसता येत नाही. चित्रावर क्रिस्तालिना या पारदर्शक झिलईचा फवारा मारतात आणि साधारण 920 ते 950 अंशांना दुसरी भाजणी होते. पहिली भाजणी दुसरीपेक्षा जास्त तापमानाला ठेवतात, कारण मातीतले वायू आधीच निघून जायला हवेत. नाहीतर झिलई वितळत असताना ते बुडबुडे काढत बाहेर पडतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात.

जुनी रंगपेटी पाच रंगांची होती. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, अँटिमनीचा पिवळा आणि लोखंडाचा नारिंगी. भट्टीत प्रत्येकाची चाल वेगळी. कोबाल्ट जोरकस असतो, हात जरा जड पडला तर काळपट होतो. तांब्याचा हिरवा कडेने पाझरतो. ओर्व्हिएतोच्या मध्ययुगीन हिरव्या-तपकिरी सुरयांवर हा पाझर स्पष्ट दिसतो आणि तो त्यांना शोभतो. मँगनीज जाड लागला तर पृष्ठभाग खरखरीत होतो. भडक लाल मात्र या रंगपेटीत नव्हता. आजच्या ताटांवर दिसणारा टोमॅटोसारखा लाल सहसा कॅडमियम-सेलेनियमचा असतो, आणि तो दिसला की ताट खाण्यासाठी चालेल का हा प्रश्न विचारायचाच.

मग गाव निवडायचं. रोम किंवा व्हेनिसच्या स्मरणवस्तूंच्या दुकानात सगळ्या गावांचा माल एकत्र मिळतो, पण तिथे भट्टी नसते, चित्रकार नसतो आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं. आमचा आग्रह असा की एका प्रवासात एकच गाव धरावं आणि तिथल्या संग्रहालयात आधी अर्धा दिवस घालवावा. डोळा तयार झाल्यावर दुकानात अर्ध्या वेळात काम होतं.

उंब्रियात पेरूजाच्या दक्षिणेला देरूता आहे. जुनं गाव टेकडीवर, तिथेच सान फ्रांचेस्कोच्या जुन्या मठात मातीकामाचं संग्रहालय. खाली विया तिबेरीना रस्त्यालगत कारखान्यांची रांग. पहिल्यांदा मायोलिका घेणाऱ्याला आम्ही देरूताच सुचवतो, कारण नक्षीचे प्रकार ठरलेले आहेत आणि त्यामुळे दोन कार्यशाळांच्या कामाची थेट तुलना करता येते. रिक्को देरूतात निळ्या-पिवळ्या-नारिंगी वेलबुट्टीची दाट वर्तुळं असतात. राफाएलेस्कोत पांढऱ्या जमिनीवर वळसे घेणारा, तोंडातून फुंकर सोडणारा ड्रॅगन असतो. रफाएलच्या व्हॅटिकनमधल्या भित्तिसजावटीवरून ही नक्षी आली. राफाएलेस्को ही चित्रकाराच्या हाताची खरी परीक्षा. ड्रॅगनच्या मानेची रेघ एका दमात ओढलेली असते, जाड सुरू होऊन बारीक होत जाते. हात कच्चा असला तर तीच रेघ दोन-तीन तुकड्यांत जोडलेली दिसते आणि वळणावर जाडी अचानक बदलते.

देरूताजवळ काझालिना इथे मादोन्ना देई बान्यी नावाचं छोटं चर्च आहे. 1657 पासून लोकांनी नवस फेडताना लावलेल्या मायोलिकाच्या फरशा त्याच्या भिंतींवर आहेत: झाडावरून पडलेला माणूस, उधळलेला बैल, आजाऱ्याची खाट. कोपऱ्यात पी, जी, आर ही तीन अक्षरं, म्हणजे ‘कृपा लाभली म्हणून’. या फरशा स्वस्तात, घाईने रंगवलेल्या आहेत आणि म्हणूनच पाहण्यासारख्या आहेत. चार फटकाऱ्यांत घोडा कसा उभा राहतो ते इथे कळतं, आणि मग दुकानातली गुळगुळीत, निर्जीव नक्षी लगेच ओळखू येते.

फाएन्त्सा बोलोन्या-रिमिनी रेल्वेमार्गावर आहे. 1908 मध्ये गाएतानो बाल्लार्दिनी यांनी स्थापन केलेलं आंतरराष्ट्रीय मातीकाम संग्रहालय इथलं. मायोलिकाचा सगळा इतिहास एका छताखाली पाहायचा तर हेच. फाएन्त्साची ओळख म्हणजे जाड पांढऱ्या झिलईची जवळजवळ कोरी भांडी आणि 18व्या शतकातल्या फेर्नियानी कारखान्याची कार्नेशनच्या फुलाची नक्षी. ज्यांच्या घरात आधीच खूप रंग आहेत त्यांनी फाएन्त्साचा पांढरा माल पाहावा. दक्षिणेत सालेर्नोशेजारी व्हिएत्री सुल मारे. 1920 च्या दशकापासून तिथे येऊन राहिलेल्या जर्मन कलावंतांनी मासे, कोळी, गाढव अशी मोकळी, बालसुलभ चित्रं रूढ केली, आणि हिरवं गाढव आज त्या गावाची खूण झालं आहे. पूलियातलं ग्रोत्ताल्ये ताटांपेक्षा पूमोसाठी, म्हणजे बाल्कनीच्या कठड्यावर बसवायच्या कळीच्या आकारासाठी, प्रसिद्ध. तिथल्या अनेक कार्यशाळा खडकात कोरलेल्या आहेत.

सिसिलीतलं काल्ताजिरोने मात्र वेळ राखून पाहावं. सांता मारिया देल मोंतेच्या 142 पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर 1954 मध्ये फरशा बसवल्या, प्रत्येक पायरीची नक्षी वेगळी. खालून वर चढत जाणं म्हणजे सिसिलियन नक्षीची उजळणीच. इथे लोक मुख्यतः तेस्ते दि मोरो, मुकुट घातलेल्या स्त्री-पुरुषाच्या मस्तकाच्या आकाराच्या कुंड्या घ्यायला येतात. पालेर्मोच्या काल्सा भागातल्या मुलीने फसवणाऱ्या प्रियकराचं मस्तक कापून त्यात तुळशीच्या जातीचं बेझिल लावलं, अशी त्यामागची दंतकथा. जोडी घेताना दोन्ही मस्तकं शेजारी ठेवून डोळ्यांची पातळी, त्वचेच्या रंगाची छटा आणि झिलईची चमक ताडून पाहा. वेगवेगळ्या भट्टीतून आलेली ‘जोडी’ घरी आल्यावर कायम खटकत राहते.

वेळेचं गणित सांभाळावं लागतं. लहान कार्यशाळा दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. 15 ऑगस्टच्या आसपास बऱ्याच ठिकाणी आठवडाभर कुलूप असतं. मे महिन्यातल्या ‘बुऑनजोर्नो चेरामिका’च्या दिवसांत मातीकामाच्या गावांमधल्या कार्यशाळा मुद्दाम लोकांसाठी उघड्या ठेवतात, चाक आणि ब्रश चालताना पाहायचा असेल तर ते दिवस उत्तम. सम वर्षांत सप्टेंबरच्या सुरुवातीला फाएन्त्सात ‘आर्जिल्ला’ हा मोठा बाजार भरतो, पण तिथे पारंपरिक नक्षीपेक्षा आजच्या कलावंतांचं काम जास्त असतं.

दुकानात शिरल्यावर ताट आवडलं की ते उलटं करायचं. समोरची बाजू विक्रीसाठी असते. मागे कुंभाराने काय केलं ते दिसतं. बुडाच्या कडेवर उघडी माती दिसते का पाहा. ती फिकट गुलाबी, पिवळसर किंवा तांबूस असायला हवी. लख्ख पांढरी आणि काचेसारखी गच्च असेल तर ती मायोलिका नाही. भट्टीत ताट ज्या तीन टोकांच्या आधारावर ठेवलं होतं त्याच्या तीन बारीक खुणा मागे असू शकतात. तो दोष नव्हे. चाकावर घडवलेल्या भांड्याच्या आत बोटं फिरवली तर वर्तुळाकार उंचवटे लागतात. साच्यातल्या भांड्याची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असते, कधी जोडाची पुसट रेघ दिसते. साच्यातलं भांडं वाईट असं मुळीच नाही, पण त्याची किंमत कमी असायला हवी. मागे लिहिलेलं वाचताना इथेच घोटाळा होतो: ‘दिपिंतो आ मानो’ म्हणजे रंगकाम हाताचं, ‘फात्तो आ मानो’ म्हणजे घडणही हाताची. ‘देरूता’ हे नाव तर कोणीही ब्रशने लिहू शकतो. इटलीच्या 1990 च्या 188 क्रमांकाच्या कायद्याने पारंपरिक आणि कलात्मक मातीकामाला संरक्षण दिलं आहे. त्याखाली नोंदणी झालेल्या कार्यशाळाच त्याचं अधिकृत चिन्ह वापरू शकतात, तेव्हा चिन्ह कुठे आहे ते विचारावं.

खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवतो आम्ही. छापील स्टिकरची नक्षी भिंगाखाली सारख्या ठिपक्यांत फुटते, किंवा रंगाची जाडी शेवटपर्यंत तसूभर बदलत नाही. ब्रशच्या फटकाऱ्यात सुरुवातीला रंग पातळ, शेवटी थेंब साचल्यागत गडद, आणि दोन फटकारे जिथे एकमेकांवर येतात तिथे तिसरीच छटा. कडेच्या पट्टीवर ब्रश पुन्हा रंगात बुडवल्याची जागाही सापडते. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. दोन ताटांवरची बाह्यरेषा हुबेहूब सारखी असली म्हणून ती छापील ठरत नाही. आपल्याकडे रांगोळीचे ठिपके पाडायला भोकांचा कागद वापरतात तसाच टोचलेला कागद इथे वापरतात. त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपक्यांची रेघ उमटते. या रीतीला स्पोल्व्हेरो म्हणतात. कोळसा भट्टीत जळून जातो, चित्र हाताचंच राहतं.

नंतर दोष. ताट बोटांच्या टोकांवर तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या गाठीने कडेला हलकी टिचकी मारायची. मायोलिकाचा नाद पोर्सेलीनइतका लांबत नाही, तरी तो स्वच्छ असतो. बद्द किंवा फरफरता आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. झिलई गोळा होऊन खालची माती उघडी पडलेली जागा म्हणजे बिस्कोत्तोवर धूळ किंवा तेलकट बोट राहिलं होतं. कडेला तांबूस माती डोकावत असेल तर झिलईचा थर पातळ बसला. तो जाड बसला तर उभ्या भांड्यावर रंग खाली ओघळतात; बरणीच्या पोटाखालची नक्षी मुद्दाम पाहावी. केसाएवढ्या रेषांचं जाळं दिसलं तर झिलई थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसली असं समजावं. शोभेच्या वस्तूत ते चालतं. खाण्याच्या ताटात नाही, कारण हळदीचं तेल त्या रेषांतून मातीत उतरतं आणि मग ते निघत नाही.

सर्वांत फसवा दोष म्हणजे चुन्याचा खडा, इटालियनमध्ये काल्चिनेल्लो. मातीत राहिलेला चुनखडीचा बारीक कण भट्टीत भाजून कळीचा चुना होतो आणि नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो. दुकानात ताट निर्दोष असतं. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी झिलईचा टवका उडतो आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे लवकर घडतं. आधी ओळखायचा हमखास उपाय नाही. पण दुकानाच्या शेल्फवर मागे पडलेल्या, जुन्या मालात असे खळगे दिसले तर त्या कार्यशाळेची माती नीट गाळलेली नाही असं धरून आम्ही पुढच्या दाराकडे जातो.

खाण्यासाठी घ्यायचं असेल तर शिसं आणि कॅडमियमचा प्रश्न टाळता येत नाही. युरोपीय नियमांत चाचणी अशी आहे: 4 टक्के ॲसेटिक आम्ल भांड्यात 24 तास, सुमारे 22 अंशांना ठेवायचं आणि त्यात किती धातू उतरला ते मोजायचं. शिशाची मर्यादा खोलगट भांड्यांसाठी लिटरला 4 मिलिग्रॅम, उथळ ताटांसाठी चौरस डेसिमीटरला 0.8 मिलिग्रॅम, कॅडमियमची अनुक्रमे 0.3 आणि 0.07. खाण्यासाठी योग्य असल्याचं पेला-काट्याचं चिन्ह किंवा नियमांत बसत असल्याचं लेखी अनुरूपता-पत्र दाखवायला सांगा. चांगल्या कार्यशाळेत ते फाइलमधून लगेच निघतं. टाळाटाळ झाली तर वस्तू भिंतीसाठी घ्या, किंवा घेऊच नका. पत्र असलं तरी आमसुलाचं सार, चिंचेची आमटी, ताक, लोणचं असल्या भांड्यात तासन्‌तास ठेवू नये. जुनी, बाजारात हाताला लागलेली मायोलिका जेवणासाठी कधीच वापरू नये. तिच्या झिलईत शिसं असणार हे गृहीत धरावं.

सोनेरी काम दोन प्रकारचं असतं. द्रवरूप सोनं लावून साधारण 700 अंशांच्या आसपास तिसरी भाजणी दिली की पिवळा, आरशासारखा सोनेरी रंग येतो. तो कुठल्याही कोनातून तसाच दिसतो. 16व्या शतकात देरूताचा सोनेरी आणि गुब्बियोत मास्त्रो जॉर्जो आंद्रेओली यांच्या कार्यशाळेचा माणकासारखा लाल लस्टर, म्हणजे धातूसारखी चमक असलेला थर, प्रसिद्ध होता. तो धूर कोंडलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या भट्टीत चांदी-तांब्याच्या क्षारांपासून येतो. आजही थोडे कारागीर तो करतात. ताट उजेडात हळूहळू तिरकं करा: मधाळ पिवळा, मग हिरवट, मग निळसर-जांभळी लहर सरकत जाते. भट्टीत धूर थोडा कमी-जास्त झाला तरी माल वाया जातो, म्हणून किंमत चढी असते आणि ती रास्त आहे. ही दोन कामं शेजारी ठेवून एकदा पाहिली की पुढे कोणी फसवू शकत नाही.

ठरावीक मापाचं किंवा नावाची अक्षरं असलेलं ताट हवं असेल तर ऑर्डर द्यावी लागते. सुकणं, दोन भाजण्या आणि रंगकाम धरून कार्यशाळा बहुधा काही आठवडे मागते. ऑर्डरमध्ये व्यास, नक्षीचं नाव, जमिनीचा रंग, टांगण्याची भोकं हवीत की नकोत आणि खाण्यायोग्य झिलई हवी की नको, एवढं लेखी असू द्या. माती सुकताना आणि भाजताना आकसते. तयार मापात एक सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच, तेव्हा कोनाड्यात घट्ट बसेल असं माप देऊ नका.

जुन्या वस्तूंचा मोह आवरावा असंच आम्ही सांगू. 19व्या शतकात रेनेसाँ शैलीचं पुनरुज्जीवन झालं तेव्हा फ्लोरेन्सच्या उलिस्से कांताग्याल्लींच्या कारखान्याने कोंबड्याचं चिन्ह लावून उत्तम माल काढला. ते चिन्ह खोडून ‘16व्या शतकातलं’ म्हणून विकलेला मालही बाजारात असतो. खरी झीज बुडाच्या कडेला आणि उंचवट्यांवर असते, जिथे ताट खरोखर घासलं जातं. सगळीकडे सारखी मळकट छटा आणि कडेला मोजून पाडल्यासारखे टवके असले की संशय घ्यावा. अतिनील टॉर्चखाली नंतर केलेलं रंगकाम सहसा वेगळं चमकतं. आणि वस्तू 70 वर्षांपेक्षा जुनी, तिचा कर्ता हयात नसलेला असेल तर इटलीबाहेर नेण्याआधी सांस्कृतिक वारशाच्या निर्यात कचेरीची कागदपत्रं लागतात. 13,500 युरोपर्यंतच्या किमतीसाठी प्रक्रिया सोपी आहे, पण ती करावीच लागते. कागद देण्याची जबाबदारी विक्रेत्याने लेखी घेतली तरच पुढे जावं. नेपल्स भागातल्या 20 बाय 20 सेंटिमीटरच्या जुन्या फरशा, रिज्जोले, सुट्या विकत मिळतात. त्या कुठल्या इमारतीतून निघाल्या हे सांगता येत नसेल तर हात लावू नका, कारण चर्चमधून आणि रिकाम्या वाड्यांतून अशा फरशा चोरीला जातात. फरशांचीच आवड असेल तर गोव्याचं नातं पाहण्यासारखं आहे. पांढऱ्या झिलईवर थेट चित्र रंगवायची इटालियन रीत 1500 च्या सुमारास फ्रान्सिस्को निकुलोसो यांनी सेव्हिलमध्ये नेली आणि पुढे पोर्तुगालच्या अझुलेझूंमध्ये, म्हणजे रंगवलेल्या फरशांमध्ये, ती बहरली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतला 1935 चा जॉर्ज कोलासू यांचा निळा फरशीपट त्याच वंशातला. इटलीला जाण्याआधी तो जवळून पाहिला तर रेघ, छटा आणि पाझर ओळखायचा सराव फुकटात होतो.

बिलाचं काम कंटाळवाणं, पण चुकवू नये. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला एका दुकानातल्या एका बिलावर 70 युरोंपेक्षा जास्त खरेदी झाली तर व्हॅटचा परतावा मिळू शकतो. ही मर्यादा फेब्रुवारी 2024 पासून आहे. पासपोर्ट दुकानातच दाखवावा लागतो. वस्तू न वापरलेली आणि दाखवता येईल अशी हवी, म्हणून सामान विमान कंपनीच्या हवाली करण्याआधी कस्टमचं काम उरकायचं, आणि तेही युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर. जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना हा परतावा नाही. कार्यशाळा कुरिअरने पाठवणार असेल तर बिलात शोभेच्या वस्तू 6913 आणि ताटं-वाट्या 6912 या कस्टमच्या वर्गवारीतल्या शीर्षाखाली वेगळ्या दाखवायला सांगा. विमा तुटण्याचाही आहे का, की फक्त हरवण्याचा, हे वाचूनच सही करा.

बांधणी आम्ही शक्यतो समोर उभं राहून करून घेतो. प्रत्येक ताटाला आधी पातळ कागद, मग बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे दोन थर, आणि खोक्यात ताटं आडवी न रचता कडेवर उभी. उभं ताट धक्का कडेने झेलतं. आडव्या रचलेल्या थप्पीत वरच्यांचं सगळं वजन खालच्या ताटाच्या मध्यावर येतं. आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात चारी बाजूंनी निदान 5 सेंटिमीटर भरण हवं. खोकं हलवल्यावर आत काही सरकलं तर पुन्हा उघडायचं. मस्तकाच्या कुंडीत मुकुटाची टोकं आणि कर्णभूषणं आधी तुटतात. त्यांच्याभोवती स्वतंत्र गुंडाळी करून पोकळीत कागद सैलसर भरावा, ठासून नाही. 35 सेंटिमीटरपर्यंतचं ताट 55 बाय 40 च्या केबिन बॅगेत कपड्यांच्या मधोमध बसतं, आणि आमच्या मते तीच सर्वांत सुरक्षित जागा.

टांगायच्या ताटांच्या बुडाला बहुधा दोन भोकं असतात. ती आणि चित्र एका रेषेत आहेत का, हे दुकानातच तपासायचं: भोकांत दोरा ओवून ताट बोटावर लोंबतं ठेवा आणि समोरून पाहा. ड्रॅगन कलला असेल तर तो घरीही कललेलाच राहणार. सुती दोरा नको, प्लास्टिकचं आवरण असलेली स्टीलची तार घ्या आणि फासा इतका आखूड ठेवा की तो कडेवरून डोकावणार नाही. भोकं नसतील तर चार नख्यांचा स्प्रिंगचा हँगर लागतो. त्याच्या नख्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर कडेची झिलई हमखास उडते. पाण्याने ओला करून चिकटवायच्या गोल हँगरवर आपल्या दमट हवेत जड ताट सोडू नये. काँक्रीटच्या भिंतीत 6 मिलिमीटरचा प्लग पुरतो. जांभ्या चिऱ्याच्या घरात भोक दोन चिऱ्यांमधल्या दर्जेत पाडलं तर स्क्रू सैल होतो. ते चिऱ्याच्या अंगात पाडा आणि प्लग जाड आणि लांब घ्या. ताटाच्या खालच्या कडेला मागे फेल्टच्या दोन टिकल्या लावल्या की हवा खेळती राहते. पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर काहीच टांगू नका, कारण बुडाची उघडी माती ओल ओढते, काळी बुरशी धरते आणि पुढे झिलईतही जाळं उमटतं. मस्तकाच्या कुंडीत थेट माती भरू नका. पाण्यातले क्षार भिंतीतून बाहेर येत झिलई सोलून काढतात. आत प्लास्टिकची कुंडी ठेवा.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड. ब्लीच, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह नाही. सोनेरी काम असेल तर घासणंसुद्धा नाही. धुतलेलं ताट कापडात गुंडाळण्याआधी दोन दिवस सावलीत उभं राहू द्या, कारण झिलई लगेच कोरडी दिसते पण आतली माती नसते.

तुटलंच तर तुकडे लगेच चिकटवायला घेऊ नका. झटपट सुकणारा गोंद सच्छिद्र मातीत शिरतो आणि पहिला तुकडा केसभर तिरका बसला की शेवटचा मावतच नाही. सगळे तुकडे आधी कोरडेच, चिकटपट्टीने जुळवून क्रम ठरवा. वारसा-जतन करणारे पॅरालॉइड बी-72 ही ॲक्रिलिक राळ वापरतात, कारण ते ॲसिटोनने पुन्हा सोडवता येतं: कडांना आधी पातळ द्रावणाचा हात, तो वाळल्यावर दाट द्रावणाने जोड. मात्र ते 40 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात एवढं तापमान भर दुपारी सहज होतं, तेव्हा जोडलेलं ताट पुन्हा भिंतीवर टांगू नये. ते आतल्या खोलीच्या फडताळात, खालून आधार असलेल्या स्टँडवर ठेवावं.